दशांशचिन्हाच्या उजवीकडे

आमच्या घरी दुधाच्या पावत्या लगेच फेकत नाहीत. गोठ्याच्या दाराशी एक तार वाकवून अडकवलेली आहे, तिच्यात त्या टोचून ठेवतात, बिल हातात येईपर्यंत. पावतीवर तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापाला धरून ठरतो. त्याखाली प्रत्येक ०.१ म्हणजे एक 'पॉइंट', आणि पॉइंटमागे दर कापला जातो. त्यामुळे अण्णा, म्हणजे माझे वडील, पावती हातात आली की आधी रक्कम बघत नाहीत, फॅट बघतात.

मी इंजिनिअर झालो, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो, आणि काही वर्षांनी माझ्या वाट्याला नेमकं दूध संकलनाच्याच सॉफ्टवेअरचं काम आलं. पहिल्या आठवड्याच्या कामांच्या यादीत एक ओळ होती: 'पावतीवर फॅट एक दशांश स्थळापर्यंत दाखवणे.' यंत्राकडून आकडा दोन दशांशांत येत होता, ३.४७ असा, आणि संख्या म्हणून नव्हे तर अक्षरांची ओळ म्हणून. मी शेवटचं अक्षर कापून टाकलं. पाच मिनिटांचं काम. पावतीवरचा हिशेब पावतीवरच्या आकड्यांशी जुळला पाहिजे, म्हणून दर काढतानाही तोच कापलेला आकडा वापरला.

सात महिन्यांनी एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "साहेब, यंत्राच्या पडद्यावर ३.४९ दिसतं आणि पावतीवर ३.४ येतं. असं का?"

असं का, याचं उत्तर मला पाच मिनिटांत मिळालं. पण माझ्यासारख्या बऱ्यापैकी शिकलेल्या माणसाला 'दाखवणे' या शब्दात काही धोका आहे असं वाटलंच कसं नाही, हा प्रश्न मागे राहिला. त्याचा पाठलाग करताना कळलं, की संगणकाने आकडा किती दशांशांपर्यंत दाखवावा या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीला चांगला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि माझी चूक त्यात अजिबात नवी नाही.

सुरुवात कागदापासून होते. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषा आणली. गणिती सूत्रं जवळपास सूत्रांसारखीच लिहिता यावीत हा तिचा उद्देश. पण उत्तर निघाल्यावर ते छापायचं कसं, हे सांगणारं 'फॉरमॅट' नावाचं विधानही तिच्यात होतं. 'एफ १०.३' असं लिहिलं की अर्थ व्हायचा: कागदावर दहा घरं राखून ठेव, त्यातली शेवटची तीन दशांशचिन्हानंतर. ही भाषा गणिताची नाही, छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याची आहे. छपाई यंत्राच्या एका ओळीत १२० किंवा १३२ अक्षरं मावायची, आणि तेवढ्यात सगळे स्तंभ बसवायचे असायचे. किती दशांश दाखवायचे हे अनेकदा कागदाची रुंदी ठरवत असे. संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर पुढे याच मातीत उगवली. १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेलं एसपीएसएस तर फोरट्रानमध्येच लिहिलेलं होतं.

कागदाच्या रुंदीने काय घडू शकतं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६१ सालचं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ आपल्या खोलीत रॉयल मॅकबी कंपनीचा एलजीपी-३० हा टेबलाएवढा संगणक घेऊन बसले होते. बारा समीकरणांचं एक खोटं हवामान ते त्यात चालवत. एकदा त्यांना एक जुना टप्पा पुन्हा, जास्त तपशिलात बघायचा होता. पहिल्यापासून सुरू करायला वेळ लागला असता, म्हणून त्यांनी छापील कागदावरून मधल्याच एका दिवसाचे आकडे घेतले, यंत्रात भरले आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने परत आले. तोवर यंत्राने दोनेक महिन्यांचं हवामान काढलं होतं, आणि ते जुन्या हवामानाशी अजिबात जुळत नव्हतं.

आधी त्यांना वाटलं, एखादी व्हॅक्यूम ट्यूब गेली असेल. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. सुरुवातीला आकडे जुळत होते, मग शेवटच्या अंकात फरक पडू लागला, मग त्याआधीच्या. यंत्रातल्या हवामानाच्या दर चार दिवसांनी फरक साधारण दुप्पट होत होता. कारण साधं होतं. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होतं. एका ओळीत सगळं मावावं म्हणून कागदावर ०.५०६ छापलं होतं. लॉरेन्झ यांनी कागदावरचा आकडा खरा मानून यंत्राला परत दिला होता.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत असतो. १९६३ चा शोधनिबंध, १९७२ च्या व्याख्यानाच्या शीर्षकातलं ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं चक्रीवादळ, केऑस नावाची अख्खी विद्याशाखा. मी कॉलेजात ही गोष्ट ऐकली तेव्हा फुलपाखराची म्हणूनच ऐकली होती. आता ती मला छपाईची गोष्ट वाटते. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त थोडं कमी सांगितलं होतं. घोटाळा झाला तो दाखवण्यासाठी केलेला आकडा मोजण्यासाठी परत आत गेला तेव्हा. लॉरेन्झ यांनी त्यातून विज्ञान काढलं. मी पावत्या काढल्या.

अंक कमी दाखवल्याने फसगत होते, म्हणून सगळेच दाखवावेत का? याचं उत्तर १९६७ साली जेम्स लाँगली यांनी देऊन ठेवलं आहे. ते अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागात होते. त्यांनी १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे आकडे घेतले: राष्ट्रीय उत्पन्न, किमतींचा निर्देशांक, बेरोजगार, सैन्यातली माणसं, लोकसंख्या आणि स्वतः वर्ष. यावरून रोजगाराचं समीकरण मांडायचं. हे सगळे आकडे एकमेकांच्या बरोबरीने वाढणारे, त्यामुळे गणित नाजूक. लाँगली यांनी ते हाताने, टेबलावरच्या गणनयंत्रावर काळजीपूर्वक सोडवलं, आणि मग तेच त्या काळात वापरात असलेल्या संगणकी प्रोग्रॅमना दिलं. उत्तरं एकमेकांशी जुळेनात. काही ठिकाणी तर पहिल्या अंकापासूनच गडबड होती. पण कागदावर सगळ्यांनी दशांशचिन्हानंतर अंकांची लांबलचक रांग मात्र आत्मविश्वासाने छापली होती.

लाँगलींचे ते सोळा वर्षांचे आकडे आजही नव्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला वापरतात. 'आर' या संख्याशास्त्राच्या भाषेत तर ते जन्मापासून भरून दिलेले आहेत. त्यांनी शिकवलेली गोष्ट अशी, की छापलेल्या अंकांची संख्या आणि खऱ्या अंकांची संख्या यांचा एकमेकांशी काही करार नसतो.

याचा घरगुती पुरावा मला मामाच्या मुलीच्या निकालात मिळाला. जेईई मेन परीक्षेत पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत देतात, गुणांची बरोबरी कमीत कमी व्हावी म्हणून. मामा फोनवर सातही अंक वाचून दाखवत होता, एखादा मंत्र म्हणावा तसे. आता समजा एका सत्रात दोन लाख मुलं बसली. तर एका मुलाच्या पुढे-मागे असण्याची किंमत होते ०.०००५. म्हणजे चौथ्या दशांशानंतर त्या आकड्यात माणूस उरत नाही, निव्वळ भागाकार उरतो. पण क्रमवारी लावायची तर तोही उपयोगी पडतो, आणि मामाला तो भागाकार मुलीची हुशारी वाटत होता. मी काही बोललो नाही.

आता माझ्या चुकीच्या सख्ख्या पूर्वजाकडे येतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक सुरू केला, १००० या अंकावर. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांशांपर्यंत ठेवला जाई. पण ठेवताना जवळच्या अंकाला नेत नसत, चौथ्या दशांशापासून पुढचं सरळ कापत. एका वेळी जास्तीत जास्त एक सहस्रांशाचं नुकसान, सरासरी त्याच्या निम्मं. कोण विचारतो? पण हे दिवसाला जवळपास तीन हजार वेळा होत होतं, आणि प्रत्येक वेळी कापलेला आकडाच पुढच्या हिशेबाचा पाया होत होता. दिवसाला सव्वा ते दीड अंक नुसते गळत होते. बाजार बरा चालला असताना निर्देशांक मात्र घसरत राहिला. नोव्हेंबर १९८३ मधल्या एका शुक्रवारी तो ५२४.८११ वर बंद झाला. शनिवार-रविवारात दुरुस्ती झाली आणि सोमवारी तो १०९८.८९२ वर उघडला. बावीस महिने बाजाराचा निम्मा आकडा मजल्यावरच्या कचऱ्यात जात होता, एक सहस्रांशाच्याही तुकड्यातुकड्यांनी.

इथे राउंड करणं आणि कापणं यातला फरक नीट बघण्यासारखा आहे. दोन दशांशांचा आकडा एका दशांशावर आणताना जवळच्या अंकाला नेला तर कधी आपण थोडं वर जातो, कधी थोडं खाली, आणि बऱ्याच वेळा मिळून हिशेब जवळपास फिटतो. कापला तर कायम खालीच. शेवटचा अंक शून्य ते नऊ यांपैकी कोणताही सारख्याच शक्यतेने येतो असं धरलं तर दर वेळी सरासरी ०.०४५ जातं. दुधाच्या भाषेत जवळपास अर्धा पॉइंट. किंवा असं म्हणू: राउंड केलं असतं तर दहापैकी पाच वेळा पावतीवर एक पॉइंट जास्त आला असता.

आपल्याकडेही हा प्रश्न एकदा अख्ख्या देशापुढे आला होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैशाचं नाणं नाही. म्हणून रूपांतराच्या तक्त्यात एका आण्याचे सहा नवे पैसे धरले आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे एक-एक आणा करून चार वेळा दिला तर चोवीस, एकदम दिले तर पंचवीस. कुठे राउंड करायचं, प्रत्येक पायरीवर की एकदाच शेवटी, हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. संगणकाने तो फक्त दिसेनासा केला.

दिसेनासा कसा, ते १९९२ च्या जर्मनीत बघायला मिळतं. ५ एप्रिलला श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याची निवडणूक झाली. तिथे पाच टक्क्यांहून कमी मतं मिळालेल्या पक्षाला सहसा विधिमंडळात जागा मिळत नाही. रात्री निकालाच्या कागदावर ग्रीन पक्षापुढे ५.० टक्के छापून आलं. पक्ष आत आला, जागांचं वाटप त्याप्रमाणे झालं. मध्यरात्र उलटल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की टक्केवारी छापणारा प्रोग्रॅम एकच दशांश दाखवतो. खरा आकडा होता ४.९७. ग्रीन पक्ष बाहेर गेला, आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाला ८९ पैकी ४५ जागा, म्हणजे एका जागेचं बहुमत मिळालं. तो प्रोग्रॅम अनेक वर्षं वापरात होता. त्यात काही बिघडलं नव्हतं. त्याला जे दाखवायला सांगितलं होतं ते त्याने दाखवलं. सीमारेषा मात्र दाखवण्याच्या नेमकी मध्ये आली.

आमची ३.५ सुद्धा अशीच सीमारेषा आहे.

संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे सगळं कळत नव्हतं असं नाही. प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. एसपीएसएसच्या तक्त्यात 'पी' किंमत तीन दशांशांत येते, आणि फार लहान असेल तर .००० अशी दिसते. कित्येक विद्यार्थी ती तशीच प्रबंधात लिहितात, जणू शक्यता खरोखर शून्य आहे. त्याच घरावर दोनदा क्लिक केलं की आतला लांब आकडा उघडतो, पण ते करायला आधी शंका यावी लागते. 'आर' या भाषेची मुळं १९७६ साली बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या 'एस' भाषेत आहेत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती घडवली. आपण काही सांगितलं नाही तर ती सात सार्थ अंक दाखवते. दशांश स्थळं नव्हेत, एकूण अंक. म्हणून १२३४५६.७८९ हा आकडा १२३४५६.८ असा दिसतो. आत मात्र पंधरा-सोळा अंक शाबूत असतात.

आरमधली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे दोन वेगळ्या क्रियापदांना दोन वेगळी नावं आहेत. 'प्रिंट' करताना तीन अंक मागितले तर आकडा तसाच राहतो, फक्त तीन अंकी दिसतो. 'राउंड' केलं तर आकडाच बदलतो आणि जुना परत मिळत नाही. पडद्यावर दोन्हींचा परिणाम बहुतेक वेळा सारखाच दिसतो, म्हणून नवशिका दोन्हींना एकच समजतो. मीही समजलो होतो. माझ्या कामाच्या ओळीत 'दाखवणे' लिहिलं होतं. मी बदललं होतं.

कमी दाखवण्याची बाजूही मांडायला हवी, कारण ती खरी आहे. १९७७ साली ब्रिटनमधल्या अँड्र्यू एरनबर्ग यांनी लिहिलं, की तक्त्यातले आकडे दोनच सार्थ अंकांपर्यंत आणावेत, कारण माणसाला तेवढेच मनात धरून तुलना करता येतात. मला हे पूर्ण पटतं. पावतीवर ३.४७ ऐवजी ३.५ असणं अण्णांच्या सोयीचंच आहे. पण एरनबर्ग वाचणाऱ्याबद्दल बोलत होते. वाचणाऱ्यासाठी आकडा लहान करावा, मोजणाऱ्यासाठी नाही. आणि जो आकडा मोजलेला आहे तो कुठेतरी पूर्ण ठेवावा.

हे शेवटचं वाक्य मी फार उशिरा शिकलो.

सचिवांच्या फोननंतर मी दुरुस्ती केली. दर पूर्ण आकड्यावरून, पावतीवर मात्र राउंड केलेला. दोन ओळींचा बदल. मग मी आमच्या मॅनेजरना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "अरे, त्या यंत्राचीच चूक अर्ध्या ते एका पॉइंटची असते. दुसऱ्या दशांशाला एवढं काय धरून बसतोस?"

त्यांचं म्हणणं वरवर बरोबर होतं. अल्ट्रासॉनिक यंत्रं तेवढी चुकतात. पण नीट लावलेल्या यंत्राची चूक आज वर जाते, उद्या खाली. माझी चूक सात महिने, दोन्ही वेळेला, प्रत्येक किटलीमागे एकाच दिशेला गेली. आणि ती दिशा शेतकऱ्याच्या खिशातून बाहेर जाणारी होती. मी हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मागचा फरक काढता येईल?"

मी डेटाबेस उघडला. सात महिन्यांच्या नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीत फॅट होतं. एका दशांशात. यंत्राकडून आलेला दुसरा अंक मी साठवण्याआधीच कापला होता. लॉरेन्झ यांच्याकडे निदान पहिल्यापासून पुन्हा चालवायला यंत्र होतं. इथे ते दूध केव्हाच टँकरमधून गेलं होतं.

मग आम्ही जे करता येण्यासारखं होतं ते केलं. सरासरी गळतीचा हिशेब मांडला, तो का सरासरी आहे हे लिहिलं, आणि संस्थेला दिला. कंपनी आणि संस्था यांच्यात बोलणी होऊन पुढच्या बिलात प्रत्येकाला लिटरमागे सारखीच रक्कम लावली गेली. एकूण हिशेबाला ते न्याय्य होतं. पण ज्याचं दूध वारंवार ३.४९ लागत असेल त्याला कमी मिळालं आणि ज्याचं ३.४१ लागत असेल त्याला उगाच मिळालं. कोण कुठला, हे आता कोणालाच कधी कळणार नाही.

त्या महिन्यात गावी गेलो तेव्हा हे अण्णांना सांगितलं. आमची संस्था वेगळी, तिथलं सॉफ्टवेअरही वेगळं. तरी तारेतल्या पावत्या काढून ते एकेक बघायला लागले. ३.४, ३.५, ३.४, ३.६.

"मग हे ३.४ म्हणजे नक्की किती?" त्यांनी विचारलं.

"पावतीवरून नाही सांगता येत, अण्णा."

"मग आता काय करायचं?"

मी म्हटलं, "यंत्राच्या पडद्यावर दुसरा आकडा दिसतो का ते बघा. दिसत असेल तर लिहून ठेवा."

आता तारेतल्या पावत्यांवर मागच्या बाजूला पेनने एक आकडा लिहिलेला असतो. दोन दशांशांत. मागच्या खेपेला घरी गेलो तेव्हा मी त्यातल्या तीस पावत्या ताडून पाहिल्या. त्यांच्या संस्थेचं सॉफ्टवेअर राउंड करतं.